बोट जवळ आली तरी हत्ती पळत का नाही?

आफ्रिकेतल्या नदीवरचा असा एखादा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. सपाट तळाची बोट, तिच्यात दहा-बारा माणसं, आणि पुढ्यात हत्तींचा कळप निवांत पाणी पितोय. अंतर इतकं कमी की सोंडेतून गळणाऱ्या पाण्याचा आवाज फोनमध्येही ऐकू येतो. चोबे नदीवरून परत आल्यावर मी घरी असाच एक व्हिडिओ दाखवला, तेव्हा भाच्याचा पहिला प्रश्न होता, "मावशी, हे हत्ती पाळलेले आहेत का गं?"

पाळलेले नाहीत. चोबेचे हत्ती पूर्ण रानटी आहेत. मग बोट वीस-पंचवीस मीटरवर आली तरी ते पळत का नाहीत? अंगावर का येत नाहीत? आणि त्याच नदीवर, त्याच बोटीला पाहून कावळ्याएवढा एक पक्षी मात्र कितीतरी लांबूनच का उठतो?

या सगळ्याचा उलगडा अंतरात आहे. प्राणी आणि बोट यांच्यातलं अंतर कोण ठरवतं हे कळलं की बाकीच्या गाठी सुटायला लागतात. सुरुवात मात्र नदीपासून करायला हवी.

पाऊस संपल्यावर येणारा पूर

चोबे बोत्स्वानाच्या उत्तर टोकाला वाहते. पलीकडचा काठ नामिबियाचा. तिचा उगम अंगोलात, आणि वाटेत तिची नावं बदलत जातात: आधी क्वांडो, मग लिन्यांती, शेवटी चोबे. कासाने गावाच्या खाली काझुंगुलाजवळ ती झांबेझीला मिळते. व्हिक्टोरिया धबधबा तिथून साधारण ८० किलोमीटरवर.

या शेवटच्या टप्प्यात जमिनीला उतार जवळजवळ नाहीच. अंगोला आणि झांबियात नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो, आणि ते पाणी झांबेझीतून खाली येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. झांबेझी तुडुंब झाली की चोबेला पुढे सरकायला जागा उरत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको. कृष्णा फुगली की नृसिंहवाडीला तिला मिळणारी पंचगंगा अडते आणि मागे फुगवटा येतो. चोबेत हाच फुगवटा दर वर्षीचा आहे. काही वेळा तो इतका असतो की नदी उलटी वाहताना दिसते. मैलोगणती गवताळ पट्टा पाण्याखाली जातो.

त्यानंतर मे ते ऑक्टोबर पावसाचा थेंब नाही. जंगलातली उथळ तळी एकेक करून आटतात. बोत्स्वानाच्या चलनाचं नाव 'पुला' आहे, आणि सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. त्या कोरड्या महिन्यांत तिथे राहिलं की हे नाव का ठेवलं असेल ते कळतं. वैशाखात गावच्या विहिरी आटल्या की सगळ्यांच्या घागरी एकाच पाणवठ्यावर येतात, तसे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हत्ती, रानरेडे, झेब्रे, हरणं आणि त्यांच्या मागावरचे सिंह, सगळे या एका नदीवर येतात. २०२२ साली पाच देशांनी मिळून विमानातून मोजणी केली, तेव्हा या सगळ्या प्रदेशात मिळून सुमारे २ लाख २८ हजार हत्ती निघाले. त्यातले १ लाख ३२ हजारांच्या आसपास एकट्या बोत्स्वानात. त्या देशाची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळेल.

पाणी ओसरताना आणखी एक गोष्ट होते. नदीच्या मधली बेटं आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. बेटांवर गवत असतं, वाळूवर काहीच नसतं. या दोन्हींचा पुढे संबंध येणार आहे.

हत्ती नदी ओलांडतो तेव्हा

कासानेजवळ सेडुडू नावाचं बेट आहे, सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचं. दुपार कलली की हत्तींचे कळप काठावर येतात, पाणी पितात आणि गवतासाठी पोहत बेटावर जातात. पिल्लू मोठ्यांच्या मधोमध असतं. मधल्या खोल पाण्यात हत्तीचं सगळं अंग बुडतं, वर राहते फक्त सोंड.

आता हे दिसतं सोपं, पण शरीराच्या दृष्टीने अवघड आहे. लहानपणी विहिरीत पोहताना पपईचा देठ किंवा नळी तोंडात धरून खाली जाण्याचा खेळ कुणी केला असेल तर आठवून बघा. हातभर खाली गेलं की छाती फुलतच नाही, कारण छातीवर पाण्याचा दाब असतो आणि नळीतून येणारी हवा मात्र वरच्या साध्या दाबाची असते. दोन मीटर खाली हा फरक इतका होतो की फुप्फुसांच्या आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. पोहणाऱ्या हत्तीची फुप्फुसं जवळपास तितक्याच खोलीवर असतात. मग त्याला काही का होत नाही? आपल्या फुप्फुसांभोवती जी पातळ पोकळी असते, ती हत्तीला नसतेच. तिथे चिवट ऊतींचा थर भरलेला असतो. सोंडेने श्वास घेत खोल पाण्यातून जाता यावं म्हणूनच ही रचना घडली असावी, अशी मांडणी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी केली आहे.

बेटावर पोचलेला हत्ती गवत कसा खातो, ते बोटीतून फार छान दिसतं. तो सोंडेने गवताचा झुबका उपटतो, पायाने सैल करतो, मग मुळांसकट पाण्यात खळबळून काढतो आणि दोन-तीनदा आपटतो. आपण मेथीची जुडी धुतो अगदी तसं. कारणही तेच, माती. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच मिळतात, एक झिजला की मागचा पुढे सरकतो. सहावा झिजला की चावता येत नाही आणि प्राणी उपासमारीने जातो. वाळूसकट गवत खाल्लं तर दाढा लवकर झिजतात. माझ्यासमोरच्या म्हाताऱ्या हत्तिणीने एकेक झुबका इतक्या निगुतीने धुतला की बोटीतले सगळे नुसते बघत राहिले. बाजूचं पिल्लू तिचं बघून झुबका हलवत होतं, पण त्याच्या सोंडेतून गवत निम्मं निसटून जात होतं.

बुजण्याचं अंतर म्हणजे काय?

या लेखात लक्षात ठेवण्याजोगी संज्ञा एवढीच. कुठल्याही रानटी प्राण्याकडे तुम्ही चालत गेलात तर एका ठरावीक अंतरावर तो निघून जातो. त्याला आपण बुजण्याचं अंतर म्हणू. स्विस प्राणीशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी गेल्या शतकात ही कल्पना नीट मांडली.

हे अंतर समोर काय आहे त्यावर बदलतं. नांगरट चालू असताना गायबगळे ट्रॅक्टरच्या अगदी मागे मागे किडे टिपत चालतात. एवढं धडधडणारं लोखंड, पण त्यांना त्याचं काही नसतं. तोच ट्रॅक्टर थांबवून माणूस खाली उतरला की बगळे लगेच लांब सरकतात. त्यांना आवाजाचं भय नाही, दोन पायांवर चालत येणाऱ्या आकृतीचं आहे. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं याच आकृतीने शिकार केली आहे.

बोटीत ती आकृती दिसतच नाही. बसलेली माणसं, छत, कठडे यांचा मिळून एक आडवा ठोकळा होतो, आणि तो रोज येतो, रोज निघून जातो. शिवाय जमिनीवरच्या प्राण्यांना सिंहाचा धोका असतो तो जंगलाच्या बाजूने. पाणी पिणाऱ्या कळपाकडे बघा, राखणीला उभ्या असलेल्या हत्तिणीचं तोंड बहुतेक वेळा झाडीकडे असतं. नदीकडून धोका येतो तो पाण्याखालून, मगरीचा, आणि मोठ्या हत्तीला त्याची फिकीर नसते.

पण हत्ती माणसाला ओळखत नाहीत का?

नक्की ओळखतात, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार बारकाईने. केनियातल्या अंबोसेलीत संशोधकांनी हत्तींना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. वाक्य एकच, 'ते बघा, हत्तींचा कळप येतोय' अशा अर्थाचं. मसाई पुरुषांच्या आवाजात ते ऐकल्यावर हत्ती एकमेकांना बिलगून मागे सरले, कारण मसाई गुराखी आणि हत्ती यांच्यात भाल्यांपर्यंत वेळ येते. शेती करणाऱ्या कांबा लोकांच्या आवाजावर ते तितके दचकले नाहीत. मसाई बायका आणि मुलांच्या आवाजावरही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचल्यावर 'हत्तींना बोटीत माणसं आहेत हे कळतच नाही' असं म्हणायची सोय उरत नाही.

तेव्हा चोबेचा हत्ती पळत नाही यात त्याचा अनुभव आहे. या काठावर राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बंदूक चालत नाही, हे त्याच्या कळपाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अंगोलात १९७५ ते २००२ यादवी युद्ध चाललं, तेव्हा तिथले कितीतरी हत्ती बोत्स्वानाच्या आसऱ्याला आले, आणि युद्ध थांबल्यावर त्यातले काही हळूहळू परत जायला लागले. सरहद्द त्यांना कुणी दाखवली नव्हती. कुठे जीव वाचतो एवढं ते शिकले होते.

पाणघोड्याचं गणित वेगळं

हत्तीच्या लेखी बोट बाहेरची असते. पाणघोड्याच्या लेखी ती थेट घरात शिरलेली असते. दिवसभर तो पाण्यात राहतो, रात्री चरायला बाहेर पडतो, आणि नर आपला पाण्याचा पट्टा राखून असतो. गंमत म्हणजे हा प्राणी धड पोहत नाही. अंग इतकं जड की तो तळावरून चालतो, वेळ आली तर धावतो, आणि साधारण पाच मिनिटांपर्यंत खाली राहू शकतो. म्हणून आता इथे डोकं दिसलं आणि गेलं, तर तो कुठे वर येईल याचा नेम नाही.

तो जबडा वासतो, तेव्हा बोटीत 'जांभई दिली' म्हणून टाळ्या पडतात. बहुतेक वेळा ती जांभई नसते, सुळे दाखवणं असतं. आमच्या गाईडबाई अशा वेळी एक शब्द न बोलता बोट मागे घ्यायच्या. सेत्स्वानात बाईमाणसाला आदराने 'म्मा' म्हणतात, आम्हीही एकमेकींना म्मा म्हणत होतो. "म्मा, कुबूने सांगितलं की ऐकायचं," त्या म्हणाल्या. कुबू म्हणजे पाणघोडा.

पळाला नाही म्हणजे घाबरला नाही?

इथे बहुतेकांची गल्लत होते, माझीही आधी होत होती. आपण म्हणतो, प्राणी हलला नाही, म्हणजे त्याला त्रास नाही. हे नेहमी खरं नसतं.

पळून जाण्याची किंमत असते. समजा एस.टी.च्या रांगेत तुम्ही तासभर उभे आहात आणि शेजारी कुणीतरी धक्काबुक्की करतंय. गाडी दर दहा मिनिटांना असती तर तुम्ही रांग सोडली असती. दिवसाची ती शेवटची गाडी असेल तर सगळं सोसून उभे राहाल. बघणाऱ्याला वाटेल, याला काहीच त्रास नाही.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर टर्नस्टोन नावाच्या छोट्या पक्ष्यांवर हाच प्रयोग झाला. काही थव्यांना संशोधकांनी काही दिवस जादा खाणं घातलं, काहींना नाही. मग त्यांच्याकडे चालत गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पोट भरलेले पक्षी लांबूनच उडाले आणि उपाशी पक्षी जवळ येईपर्यंत थांबले. म्हणजे जे सगळ्यात शूर दिसत होते, त्यांना खरं तर जागा सोडणं परवडत नव्हतं.

आता ऑक्टोबरच्या चोबेवर हे लावून बघा. पारा चाळिशीच्या आसपास, जंगलात पाण्याचा थेंब नाही, आणि पिल्लाला घेऊन कित्येक किलोमीटर चालत आलेली हत्तीण. दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी तिला लागतं. समोर चार बोटी आल्या तरी ती जाणार कुठे?

म्हणून जाणकार गाईड प्राणी पळतो का हे बघत नाहीत, काय करायचं थांबवतो हे बघतात. सोंड तोंडाकडे जाता जाता मध्येच थांबली. कान पसरून ताठ झाले. सोंडेचं टोक वळून बोटीच्या दिशेने हुंगायला लागलं. पिल्लू अचानक आईच्या पोटाखाली गेलं. यातलं एकही दिसलं तर बोट जरुरीपेक्षा जवळ आहे. कळप पोहत असेल तर त्याच्या वाटेत बोट घालणं हा गुन्हाच समजावा, कारण पाण्यातल्या पिल्लाला परत फिरणं सोपं नसतं.

पाणचिऱ्याची चोच

आता तो लांबूनच उठणारा पक्षी. त्याचं मराठी नाव पाणचिरा, आणि इतकं नेमकं नाव क्वचितच एखाद्या पक्ष्याला मिळालं असेल. वरून काळपट, खालून पांढरा, चोच लालभडक आणि टोकाला पिवळी. खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब. जगात असे पक्षी तीनच जातींचे: एक अमेरिकेत, एक आफ्रिकेत, एक आपल्याकडे. पाणचिरा पाण्याला जवळजवळ टेकून उडतो, चोच उघडी ठेवतो आणि खालचं पातं पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढत जातो. मासा लागला की वरचं पातं खाडकन मिटतं आणि डोकं खाली झुकतं. मासा दिसायची गरजच नाही, तो चोचीला लागतो. त्यामुळे संधिप्रकाशात आणि रात्रीही त्याचं काम चालू राहतं.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सूर्य बुडत होता आणि पाणी तांबडं झालं होतं. पाच पाणचिरे एका ओळीत आले. प्रत्येकाच्या चोचीमागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटत होती. त्या पाच रेघा आमच्या बोटीच्या बाजूने समांतर गेल्या, आणि पक्षी वळून त्याच रेघांवरून परत आले. आवाज असा काहीच नाही.

हा पक्षी घरटं करतो वाळूच्या उघड्या पट्ट्यावर, पाणी ओसरल्यानंतर. घरटं म्हणजे वाळूतला साधा खळगा, त्यात बहुधा दोन-तीन अंडी, पाण्याच्या पातळीपासून काही वेळा वीतभरच उंचीवर. अंडी उबवायला तीन आठवडे, पिल्लं उडायला आणखी पाच-सहा. सगळं मिळून दोन महिन्यांचा हिशेब, आणि तो नदी पुन्हा चढायच्या आत पुरा व्हायला हवा.

ऑक्टोबरच्या उन्हात ही वाळू तव्यासारखी तापते. आईबाप अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. मधूनमधून एक जण उडून पोट पाण्यात भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. आता बोट जवळ आली आणि पक्षी उठला, तर नुकसान त्याच्या उडण्यात नाही. खाली उघड्या पडलेल्या अंड्यांना ऊन लागतं, आणि घोरपड किंवा कावळा टपलेला असेल तर त्याला वाट मोकळी होते.

हत्ती थांबतो कारण जाणं महाग असतं. पाणचिरा उठतो कारण शत्रूचं लक्ष घरट्यावरून हटवायचा त्याच्याकडे तेवढाच उपाय आहे. दोघांनाही किंमत मोजावी लागते. पळणाऱ्याची आपल्याला दिसते इतकंच.

"एका लाटेने असं काय होतं?"

हा आक्षेप मी बोटीतच ऐकला. उत्तर सोपं आहे. वीतभर उंचीवरच्या खळग्याला वीतभर लाट पुरते. एकदा पाणी आत आलं की अंडी वाळूत रुततात किंवा वाहून जातात. आफ्रिकी पाणचिऱ्यांची घरटी जलद बोटींच्या लाटांनी वाहून जाणं हा त्यांच्यावरचा ओळखला गेलेला धोका आहे. हत्ती-पाणघोड्यांच्या पायाखालीही काही जातात, पण लाट दिवसातून अनेकदा येते.

बोटीच्या लाटेबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिचा जोर चौपट होतो. आणि सगळ्यात मोठी लाट सगळ्यात जास्त वेगाला उठत नाही. बोट सावकाश चालते तेव्हा लाट नावापुरती असते. वेग वाढवायला लागलं की बोटीचं पुढचं टोक वर उठतं, मागचा भाग पाण्यात बसतो, आणि त्या मधल्या वेगाला लाट सर्वांत मोठी होते. त्याहून जोरात गेलं की बोट पाण्यावर सरकायला लागते आणि लाट पुन्हा थोडी लहान होते. म्हणजे भरधाव येणाऱ्या बोटीने वाळूच्या पट्ट्याजवळ 'जरा हळू' केलं, तर ती नेमकी वाईट वेगात येते. हळू व्हायचं तर फार आधी आणि पुरतं हळू व्हायला हवं.

एका संध्याकाळी सूर्यास्ताची वेळ गाठायला निघालेली एक मोठी बोट आमच्या शेजारून नेमकी तशीच गेली. तिची लाट पट्ट्यावर चढताना मी पाहिली. त्या टोकाला घरटं नव्हतं हे गाईडबाईंना माहीत होतं, तरी लाट उतरेपर्यंत त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

"मग जायचंच नाही का?"

जायचं. हे मी मनापासून सांगते. हिऱ्यांनंतर बोत्स्वानाच्या कमाईत पर्यटनाचा मोठा वाटा आहे, आणि चोबेचा काठ राखला जातो त्यात त्या पैशाचा हात आहे. काठाजवळच्या काचिकाऊ, काविम्बा, साटाऊ अशा गावांत शेतकऱ्याचं उभं पीक एका रात्रीत हत्तींच्या पोटात जातं. हत्ती जिवंत असण्यातून त्या गावाला काहीच मिळालं नाही, तर तो कशासाठी सोसेल? आपल्याकडे दोडामार्गात हत्तींनी केळी आणि माड मोडलेल्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारून बघा.

शिवाय जीपपेक्षा नाव काही बाबतींत बरी. इंजिन बंद करता येतं, प्राण्याची जमिनीवरची वाट अडत नाही, आणि नजर त्याच्या पातळीला येते. चोबे गेम लॉज या निवासाने विजेवर चालणाऱ्या बोटी आणल्या आहेत, आणि तिथल्या सगळ्या गाईड स्त्रिया आहेत. आवाज आणि धूर गेला तरी लाटेचा प्रश्न मात्र चालवणाऱ्याच्या हातातच राहतो.

नदी दोघांची, नियम कोणाचा?

सेडुडू बेट कुणाचं, यावर बोत्स्वाना आणि नामिबिया यांच्यात वाद होता. मूळ १८९० सालच्या ब्रिटन-जर्मनी करारात. त्यात हद्द नदीच्या मुख्य प्रवाहाच्या मधून आखली होती, पण बेटाच्या दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या प्रवाहांतला मुख्य कुठला हे सांगितलं नव्हतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये उत्तरेचा प्रवाह मुख्य धरला आणि बेट बोत्स्वानाला दिलं. त्याच निकालात दोन्ही देशांच्या बोटींना बेटाभोवतीच्या दोन्ही प्रवाहांत सारखी वागणूक मिळेल असंही नोंदवलं.

याचा आजचा अर्थ असा की एका पाणचिऱ्याच्या घरट्याशेजारून दोन देशांच्या बोटी जातात. एका देशाने वेगाचा नियम केला आणि दुसऱ्याने नाही, तर लाटेला ते कळत नाही. २०११ साली अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे यांनी सुमारे ५ लाख २० हजार चौरस किलोमीटरचं सामायिक संवर्धन क्षेत्र करण्याचा करार केला. हत्तींच्या वाटांसाठी तो केला, ते योग्यच झालं. वीतभर वाळूच्या पट्ट्यालाही त्यात जागा असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

जाणार असाल तर

हत्तींची गर्दी हवी तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. पावसाळ्यात कळप पांगतात, पण स्थलांतरी पक्षी येतात. महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून जाणारा अमूर ससाणाही तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण भागात असतो. बोट शक्यतो लहान घ्या, आणि सूर्यास्ताच्या गर्दीऐवजी सकाळची फेरी घ्या. दुर्बीण आठपटीची पुरे, हलत्या बोटीत दहापटीची नुसती थरथरते. आपल्या ओळखीचे पक्षी भरपूर भेटतील: एका जागी पंख फडफडवत थांबून पाण्यात झेपावणारा कवड्या खंड्या, पंख पसरून वाळवत बसलेला तिरंदाजाचा आफ्रिकी भाऊबंद, पाणवनस्पतींवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, ज्याच्यात पिल्लं नर वाढवतो.

बोट ठरवताना दोन गोष्टी विचारा: प्राण्याजवळ इंजिन बंद करता का, आणि वाळूच्या पट्ट्यांजवळून किती वेगाने जाता. 'आणखी जवळ घ्या' असं आपण कधी म्हणायचं नाही. भिगवणला रोहित पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायचा आग्रह धरणारे पाहुणे मी पाहिले आहेत. तिथले चांगले नावाडी त्यांना नाही म्हणतात, आणि त्यांना नाही म्हणणं सोपं जावं एवढं तरी आपल्या हातात आहे. आपला भारतीय पाणचिरा चंबळच्या वाळूवर अशीच घरटी करतो आणि २०२० पासून तो जागतिक यादीत संकटग्रस्त आहे.

शेवटच्या सकाळी आमची बोट एका वळणावरून बाहेर आली आणि पट्ट्यावरचा पाणचिरा उठला. तो इथे असेल याची गाईडबाईंना कल्पना नव्हती. त्यांनी इंजिन बंद केलं, बांबूने रेटून बोट मागे नेली आणि वेताच्या आडोशाला थांबवली. कुणी काही बोललं नाही. पक्षी दोन घिरट्या घालून पाण्यावर उतरला, पोट बुडवून उठला आणि खळग्यावर येऊन बसला. त्या घड्याळ बघत होत्या.

"चार मिनिटं, म्मा," त्या म्हणाल्या, आणि वहीत त्या पट्ट्याची जागा टिपून घेतली. मग बोट पलीकडच्या प्रवाहाने लांबून वळवली.